एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारं मूल

दुसरीच्या वर्गात बाईंनी 'एकोणतीस' असं म्हटलं की दोन-चार पाट्यांवर हमखास ३९ उमटतात. कानावर 'तीस' पडलेलं असतं, नऊ आहेत हेही कळलेलं असतं, मग ३ आणि ९ शेजारी मांडले जातात. 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणारी मुलंही असतातच, कारण मराठीत आपण पाच आधी बोलतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र वीस आधी. हा निष्काळजीपणा नाही. मूल ऐकलेल्या क्रमाशी प्रामाणिक राहिलेलं आहे.

ही चूक सुधारायला शिक्षकाला तीन गोष्टी एकाच वेळी माहीत असाव्या लागतात. पहिली गणिताची: दशमान पद्धत, स्थानिक किंमत. दुसरी मुलाची: सहा-सात वर्षांचं मूल एका वेळी मनात किती गोष्टी धरू शकतं, आणि 'तिसाला एक कमी' हा उलटा विचार त्याला कधी पेलतो. तिसरी अध्यापनाची: आता, या तासाला, हातात काय द्यायचं. द्यायच्या असतात काड्या. दहा-दहाचे तीन गठ्ठे समोर ठेवायचे आणि त्यातली एक काडी मागायची. गठ्ठा सोडल्याशिवाय एक काडी निघत नाही. सोडला की दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या उरतात, आणि तीस कुठे गेले हे मुलाला दिसतं. मग २० चं लांब कार्ड घेऊन त्याच्या शून्यावर ९ चं छोटं कार्ड ठेवायचं. इथे घाई करून थेट पाटीवर उडी मारली की पुढच्या आठवड्यात ३९ परत येतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत दिली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची ही नावं लहान मुलांना जड जातात, म्हणून ही सोय. वाद विधिमंडळापर्यंत गेला. भाषेचं काय होणार, यावर सगळे बोलले. सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात नेमकं काय होतं, यावर फार थोडे. हे थोडेपण मला अजून खुपतं, कारण त्याची मुळं आपण शिक्षक कसे घडवतो यात आहेत.

आपल्याकडे या तीन गोष्टी तीन वेगळ्या इमारतींत शिकवल्या जातात. गणित विज्ञान महाविद्यालयात. तिथे तीन वर्षांत मूल हा शब्दही येत नाही. अध्यापन बी.एड.ला, तिथे आशय झालेला आहे असं गृहीत धरतात. आणि मानवी विकास गृहविज्ञानाच्या किंवा मानसशास्त्राच्या विभागात. तिथे फळा-खडू नसतो. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकाच सलग, म्हणजे एकात्मिक, अभ्यासक्रमात एकत्र करण्याच्या साऱ्या खटपटीचं सार्थक या तिन्हींचे सांधे जुळण्यात आहे. एक वर्ष वाचतं हे खरं, पण तो फायदा मला दुय्यम वाटतो.

कल्पना नवी नाही. १९६३च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं निघाली आणि त्यांनी चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम सुरू केले: विषयही इथेच, अध्यापनही इथेच, आणि आवारातच प्रात्यक्षिक शाळा. आज त्यांना प्रादेशिक शिक्षण संस्था म्हणतात आणि त्या एनसीईआरटीच्या (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या) आहेत. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात येतात. म्हैसूरच्या संस्थेने पुढे बारावीनंतर सहा वर्षांचा एम.एस्सी.एड. चालवला. भौतिक, रसायन किंवा गणित या विषयात पदव्युत्तर पातळी आणि सोबत शिक्षणशास्त्र, असा तो सलग मार्ग. आवारात शाळा असण्याचं मोल कागदावर कळत नाही. सकाळी वाचलेली संकल्पना दुपारी पाचवीच्या मुलाला विचारून पाहता येते, तेव्हा ते कळतं.

शिक्षक-शिक्षणावरच्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाच्या २०१२च्या अहवालानंतर एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) २०१४ची नियमावली आली. बी.एड. आणि एम.एड. दोन्ही दोन-दोन वर्षांचे झाले, चार वर्षांच्या बी.ए.बी.एड. व बी.एस्सी.बी.एड.ला निश्चित चौकट मिळाली आणि तीन वर्षांचा एकात्मिक बी.एड.-एम.एड. हा नवा प्रकार जन्माला आला. मग २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३०पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी असेल, असं म्हटलं. त्यातून आयटीईपी, म्हणजे हीच चार वर्षांची एकात्मिक शिक्षक-पदवी, आली. २०२३-२४ पासून ५७ संस्थांमध्ये प्रायोगिक सुरुवात, आणि प्रवेशासाठी एनटीएची (राष्ट्रीय चाचणी संस्थेची) एनसीईटी ही परीक्षा, जी मराठीतूनही देता येते. आयटीईपीत एकूण १६० श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यातले ६४ मूळ विषयाचे, ३० शिक्षणाच्या पायाभूत अभ्यासाचे, २० शालेय अनुभवाचे. पायाभूत, पूर्वतयारी, मध्य आणि माध्यमिक या चार टप्प्यांतला एक टप्पा विद्यार्थ्याला निवडावा लागतो. ही निवड प्रॉस्पेक्टसमध्ये एका ओळीत येते, पण नोकरी कोणत्या वर्गांसाठी मिळणार हे तिच्यावर ठरतं. बारावीच्या मुलामुलींनी ती घरच्यांसोबत बसून, वेळ देऊन करावी.

आता मानवी विकासाकडे येतो, कारण हाच भाग सर्वांत वाईट शिकवला जातो. मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या विकासाच्या चार अवस्था, एरिक्सनच्या आठ, प्रत्येकीचं वय, प्रत्येकीची वैशिष्ट्यं, आणि शेवटी 'शैक्षणिक उपयोजन' या मथळ्याखाली पाच मुद्दे. परीक्षेला हे लिहिता येतं. वर्गात त्याने काही होत नाही. तोच पियाजे असा शिकवता येतो:

बारा चिंचोके घ्या. सहा-सहाच्या दोन ओळी, समोरासमोर, सारख्या अंतरावर मांडा. साडेचार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा, "दोन्हीकडे सारखेच आहेत, का कुठे जास्त आहेत?" ते 'सारखेच' म्हणेपर्यंत थांबा. हे न करता पुढे गेलात तर पुढचं सगळं वाया. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ पसरवा आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारा. पुष्कळ मुलं पसरलेल्या ओळीत जास्त आहेत म्हणतात. आता 'का?' विचारा आणि मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी, इथे दोन चुका करतात. एक, 'मोठी ओळ कुठली?' असं विचारतात. मूल लांबीबद्दल बरोबर उत्तर देतं आणि ते संख्येबद्दल चुकलं अशी नोंद होते. दोन, उत्तर चुकलं की लगेच समजावायला लागतात. तुम्ही तिथे शिकवायला गेलेले नसता, ऐकायला गेलेले असता. वाक्य शुद्ध करून लिहिण्याची सवयही मोडावी लागते. 'ही वळ लांब हाय म्हून' हे तसंच उतरायला हवं.

यापुढची पायरी तर फार सुंदर आहे. एडिनबरोमध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हाच प्रयोग एका खट्याळ टेडीला मध्ये घालून केला. ओळ मोठ्या माणसाने न विस्कटता टेडीने विस्कटली, तर सारखेच आहेत असं म्हणणाऱ्या मुलांची संख्या खूप वाढली. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी बदललं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर मुलाला वाटतं की आता उत्तरही बदललेलं हवं असणार. आपल्या वर्गात हे रोज घडतं. 'नक्की?' असं शिक्षकाने विचारलं की बरोबर उत्तर दिलेलं मूलही उत्तर बदलतं. पदवीच्या दुसऱ्या वर्षात हा प्रयोग स्वतः दोन्ही पद्धतींनी केलेला विद्यार्थी आयुष्यात पुन्हा 'नक्की?' इतक्या सहज विचारणार नाही. एकात्मिक अभ्यासक्रमाला चार-पाच वर्षं मिळतात ती यासाठी वापरायची असतात.

निरीक्षण नोंदीचंही तसंच. 'मुलगा हट्टी आहे' ही नोंद नव्हे, तो निकाल झाला. 'सकाळी ११:१०. वाटीतला रंग संपला. दोनदा मागितला. बाई दुसऱ्या गटाकडे. उठून शेजारच्याची वाटी ओढली' ही नोंद. वहीच्या पानाला मधोमध उभी रेघ मारावी: डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे त्याचा मला लागलेला अर्थ, आणि उजवी बाजू घरी गेल्यावरच भरावी. एका बैठकीत १५-२० मिनिटांहून जास्त नको; नंतर नजर थकते आणि मूल नेहमीचंच करतंय असं वाटू लागतं. एकाच मुलाला वर्षभर, पंधरवड्यातून एकदा, अंगणवाडीत, घरी आणि खेळताना असं तीन ठिकाणी पाहिलं की विकास म्हणजे काय ते पाठ करावं लागत नाही.

गृहविज्ञान शाखेतला मानवी विकास हा विषय या कामात खूप पुढे होता आणि आहे. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी बेलीच्या मापनश्रेणीवरून जी श्रेणी तयार केली, ती डीएएसआयआय या नावाने वापरली जाते: जन्मापासून ३० महिन्यांपर्यंत, ६७ कारक (हालचालींचे) आणि १६३ मानसिक घटक. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली. तिथे अशा कसोट्या नीट घेऊ शकणारी माणसं लागतात. तरीही मानवी विकासात पदवी आणि पदव्युत्तर अशी पाच वर्षं केलेल्या मुलीला शाळेत नोकरी हवी असेल तर अडतं. बी.एड.ला अध्यापन पद्धती शालेय विषयाची लागते, आणि तिचा विषय बहुतेक शाळांच्या वेळापत्रकात नसतो. मुलांना सगळ्यांत जास्त ओळखणारी व्यक्ती शाळेच्या दाराबाहेर राहते. ही रचनेतली चूक आहे, तिच्यातली नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे वेगळेपण कधी मानलंच नाही. १९४५ मध्ये बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे केलं त्यात आंघोळ, नखं, खाणं, गाणं, मोजणी हे सगळं एकाच कामाचे भाग होते. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. मूल कुठे आहे हे पाहून अध्यापन ठरवायचं, हा त्यांचा क्रम होता.

आंतरवासितेकडे, म्हणजे छात्राध्यापकाच्या शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाकडे, वळू. २०१४च्या नियमावलीत बी.एड.ला २० आठवडे आहेत, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६, आणि त्यात उपस्थिती किमान ९० टक्के. आकडा चांगला आहे. बिघडतं ते प्रत्यक्षात. शाळेला छात्राध्यापक म्हणजे ऑफ तासांची सोय वाटते, त्यामुळे गणिताची मुलगी तीन आठवडे चित्रकलेच्या तासाला बसते. महाविद्यालयाचे मार्गदर्शक पाठाच्या शेवटच्या दहा मिनिटांत येतात आणि टाचणवहीवर (पाठाच्या आराखड्याच्या वहीवर) सही करून जातात. पाठ टाचणात 'विद्यार्थी प्रतिसाद' हा रकाना आदल्या रात्रीच भरलेला असतो! मुलांनी काय उत्तर द्यावं ते आधीच लिहिलं, म्हणजे वेगळं उत्तर आलं तरी ऐकू येत नाही. साधा उपाय: तो रकाना कोरा ठेवून वर्गात जायचं आणि पाठानंतर तासाभरात खरे प्रतिसाद भरायचे. वेळही पाहून घ्यावी. आंतरवासिता दुसऱ्या सत्रात ढकलली की स्नेहसंमेलन, सहामाहीनंतरची गळती आणि वार्षिक परीक्षा यांत निम्मी बुडते. जून-जुलैत शाळा कशी बसते, मुलं एकमेकांना आणि शिक्षकांना कशी चाचपतात, हे पाहायला मिळणं फार मोलाचं. ते बहुतेकांना मिळत नाही.

बी.एड.-एम.एड. या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाबद्दल गैरसमज फार. तो बारावीनंतर किंवा पदवीनंतर करता येत नाही. विज्ञान, सामाजिक शास्त्रं किंवा मानव्यविद्या यांतली किमान ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आधी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी कक्षाची वेगळी प्रवेश परीक्षा होते. दोन अधिक दोन चार वर्षांऐवजी तीन, हा हिशेब बरोबर. पण मधून बाहेर पडता येत नाही. दोन वर्षांनी शिक्षकभरती निघाली म्हणून 'बी.एड. तरी द्या' म्हणता येणार नाही. घरची परिस्थिती अशी असेल की मध्येच नोकरी धरावी लागेल, तर सुटं बी.एड. घेणंच शहाणपणाचं. आणि हा अभ्यासक्रम मुळात शिक्षकांचे शिक्षक, अभ्यासक्रम रचणारे, डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) व एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) यांसारख्या ठिकाणी काम करणारे घडवण्यासाठी आहे. वर्गात उभं राहण्याची ओढ असणाऱ्याला तो लांबचा रस्ता आहे.

त्यातल्या प्रबंधाचं मला सर्वांत वाईट वाटतं. 'अमुक तालुक्यातील इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या अमुक घटकातील संपादणुकीवर अमुक पद्धतीचा परिणाम' या साच्यातून वर्षानुवर्षं विषय निघतात. तुकडी 'अ' नियंत्रित गट, तुकडी 'ब' प्रायोगिक गट, पूर्वचाचणी, दहा तासांचा कार्यक्रम, उत्तरचाचणी, 'टी' मूल्य सार्थ (म्हणजे दोन गटांतला फरक योगायोगाचा नाही, असं आकडेमोडीने दाखवलेलं). प्रायोगिक गटाला उत्साही छात्राध्यापक स्वतः शिकवतो आणि नियंत्रित गटाला रोजचे सर. मग फरक पद्धतीचा की माणसाचा? चाचणीही त्याच कार्यक्रमावर बेतलेली. एकात्मिक अभ्यासक्रमात तीन वर्षं हाताशी असतात. पहिल्या वर्षी ज्या शाळेत आंतरवासिता केली तिथलीच सात-आठ मुलं दुसरी ते चौथी अशी धरून त्यांची संख्याज्ञानातली वाट नोंदवली, त्यांच्या चुकांचे नमुने जपले, मुलाखती घेतल्या, तर जो ऐवज हाती येईल तो कुठल्याही 'टी' मूल्यापेक्षा शिक्षकांच्या कामाचा. त्यासाठी विषय तिसऱ्या वर्षी ठरवून चालत नाही. पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांचं पत्र, जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शिक्षण विभागाची परवानगी, आणि पालकांची संमती त्यांना समजेल अशा मराठीत घ्यावी लागते.

अमेरिकेत 'शिक्षण आणि मानवी विकास' हे शब्द महाविद्यालयाच्या नावातच असतात. नॅशव्हिलचं पीबॉडी कॉलेज हे ठळक उदाहरण, जे १९७९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात विलीन झालं. तिथल्या चार अधिक एक रचनेत पदवीच्या शेवटच्या वर्षी घेतलेले काही पदव्युत्तर श्रेयांक दोन्ही पदव्यांसाठी धरले जातात. त्यामुळे वर्ष खरोखर वाचतं. पण पदवीसाठी मिळणारं अर्थसाहाय्य पदवीबरोबर संपतं, पाचव्या वर्षाचा खर्च वेगळा उभारावा लागतो, आणि शिक्षकाचा परवाना राज्यागणिक वेगळा असतो. तिकडे मुलगी पाठवणाऱ्या पालकांनी हे तीन प्रश्न प्रवेशाआधी विचारावेत.

आपल्याकडे नोकरीचे नियमही गेल्या काही वर्षांत कडक झाले. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. तिथे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) किंवा त्या टप्प्याचा मान्य अभ्यासक्रमच लागतो. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) अट लागू केली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सूट. राज्याच्या पवित्र पोर्टलवरच्या शिक्षकभरतीसाठी टीएआयटीचे (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे) गुण लागतात, आणि पदवीचा विषय व अध्यापनाचा विषय जुळावा लागतो. एनसीटीईच्या २०२५च्या मसुद्यात एक वर्षाचा बी.एड. आणि एक वर्षाचा एम.एड. पुन्हा आले आहेत, आणि जुने बी.ए.बी.एड. आयटीईपीत रूपांतरित करायचं धोरण आहे. म्हणून प्रवेश घेताना संस्थेचं एनसीटीई मान्यतापत्र पाहायचं ते अभ्यासक्रमाच्या नेमक्या नावाचं आणि चालू वर्षाचं.

मान्यतापत्र पाहून झालं की संस्थेचं वेळापत्रक मागावं. त्यात पहिल्या दोन सत्रांत शाळेत किंवा अंगणवाडीत जाण्याचे तास आहेत का, गणित शिकवणारे आणि बालविकास शिकवणारे प्राध्यापक एखादा तास एकत्र घेतात का, जवळची कोणती शाळा वर्षभर बांधून घेतली आहे, हे विचारावं. मागच्या तुकडीची एखादी निरीक्षणवही पाहायला मिळाली तर ती उघडून डाव्या बाजूला मुलांची वाक्यं आहेत की विशेषणं, तेवढं बघावं.